शेजारपाजारच्या वायफायची मोजदाद

वायफाय स्कॅन करायचा नाद लागायला फार काही लागत नाही, रात्री नेट रडायला लागलं की पुरे. मला लागला तो असाच. व्हिडिओ अडकतोय, कस्टमर केअरवाले राउटर बंद करून चालू करा एवढंच सांगतायत, मग ऑफिसमधला एकजण म्हणाला की आधी बघ तरी आजूबाजूला किती जण एकाच चॅनेलवर बसलेत. फोनवर एक ॲनालायझर ॲप टाकलं. २.४ गिगाहर्ट्झमध्ये १, ६ आणि ११ एवढे तीनच चॅनेल एकमेकांवर न चढता चालतात, आणि आमच्या इथे सगळ्यांनी ६ वरच गर्दी केली होती. राउटर ११ वर टाकला, नेट बऱ्यापैकी सुधारलं, खरं तर विषय तिथेच संपला होता. पण त्या ॲपमध्ये प्रत्येक नावापुढे एक छोटं कुलूप दिसतं ना, ते काही नावांपुढे नव्हतंच, आणि ती काही हॉटेल-बिटेलची नावं नव्हती, सरळ घरगुती दिसत होती. हे कुणाचं असेल, हा प्रश्न एकदा डोक्यात शिरला की निघत नाही.

पहिले काही दिवस फोनच वापरला. येताजाता, जिन्यात, गच्चीवर, ॲप उघडायचं आणि यादी वाचायची. फोनची गंमत अशी की तो तुम्हाला वाटतं तितक्या वेळा स्कॅन करतच नाही. अँड्रॉइड ९ पासून ॲप समोर उघडं असलं तरी दोन मिनिटांत चारच स्कॅन, आणि मागे चालू असलेल्या सगळ्या ॲप्सना मिळून अर्ध्या तासात एक. बॅटरीसाठी केलंय, ठीक आहे, पण चालताना मधली अर्धी नावं गळतात. अँड्रॉइड १० पासून डेव्हलपर ऑप्शन्समध्ये हे थ्रॉटलिंग बंद करता येतं, ते केल्यावर यादी एकदम फुगली. आयफोनवाल्यांनी हा नाद सोडाच, तिथे साध्या ॲपला आजूबाजूच्या नेटवर्कांची यादी मिळतच नाही.

इथे एक गोष्ट सांगून टाकते, कारण घरच्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला होता, की हे असं दुसऱ्याचं बघणं चालतं का. राउटर स्वतःहून सेकंदाला साधारण दहा वेळा आपलं नाव, चॅनेल आणि सिक्युरिटी कुठली आहे हे हवेत सोडत असतो, त्याला बीकन म्हणतात, आणि प्रत्येक फोन ते ऐकतोच, नाहीतर वायफायची यादी दिसली कुठून असती. ते लिहून ठेवणं एवढंच मी करत होते. उघड्या नेटवर्कला जोडून आत शिरणं ही वेगळी गोष्ट, बऱ्याच देशांत तो सरळ गुन्हा आहे, पासवर्ड नव्हता म्हणून चालतं असं नाही. तेव्हा नियम पहिल्यापासून एकच ठेवला, ऐकायचं, जोडायचं नाही. हा नियम पाळणं सोपं नसतं बरं का, समोर उघडं नेटवर्क दिसलं की बोट आपोआप तिकडे जातं, म्हणून फोनमधलं उघड्या नेटवर्कची सूचना देणारं आणि आपोआप जोडणारं सेटिंग दोन्ही बंद केलं.

मग लॅपटॉप आला. माळ्यावर पडलेला जुना, त्यात लिनक्स टाकलं आणि किसमेट. हा प्रोग्रॅम या नादातल्या लोकांचा जुना सोबती, २००१ पासून चालत आलाय. त्याच काळात विंडोजवर नेटस्टंबलर होता आणि दोघांत मूळ फरक असा की नेटस्टंबलर हवेत हाक मारायचा, कोण आहे रे, आणि जे उत्तर देतील त्यांची यादी करायचा. किसमेट तोंड बंद ठेवून नुसता ऐकतो, त्यामुळे त्याला हाकेला ओ न देणारेही सापडतात आणि तो स्वतः कुणाला दिसत नाही. पण असं नुसतं ऐकायला वायफाय कार्ड मॉनिटर मोडमध्ये जावं लागतं आणि माझ्या लॅपटॉपच्या आतलं कार्ड काही केल्या जाईना. इथे बहुतेक लोक सोडून देतात असं माझं मत आहे. ड्रायव्हर, कर्नल, फोरमवरच्या जुन्या पोस्टी, सगळं झालं, शेवटी यूएसबीचा वेगळा ॲडॉप्टर घेतला ज्याच्या चिपसेटला लिनक्समध्ये मॉनिटर मोड चालतो हे आधी तपासून. (हे तपासताना मॉडेलच्या नावावर जाऊ नका, त्याच नावाच्या पुढच्या आवृत्तीत आतली चिप बदललेली असू शकते.) लोकेशनसाठी यूएसबीचं जीपीएस. ते पहिल्यांदा चालू केल्यावर उपग्रह पकडायला बराच वेळ घेतं, घराच्या आत तर पकडतच नाही, त्यामुळे निघायच्या आधी खिडकीबाहेर हात काढून उभं राहायचं, आणि समोरच्या घरातली माणसं बघत राहायची की ही बाई रोज काय करते.

किसमेट चालू केला की ब्राउझरमध्ये २५०१ पोर्टवर त्याचा बोर्ड उघडतो आणि नावं धो धो यायला लागतात. लॅपटॉप चालू ठेवून बॅगेत टाकायचा आणि फिरायला जायचं, एवढंच काम. गाडीवरून पण करून बघितलं, पण रेडिओ एका वेळी एकच चॅनेल ऐकतो, भराभर चॅनेल बदलत राहतो, आणि आपण जोरात गेलो तर ज्या क्षणी तो ११ वर असतो त्या क्षणी ६ वरचं घर मागे पडलेलं असतं. चालत गेलं की सगळं सापडतं. ५ गिगाहर्ट्झवाली भिंतीत अडकतात म्हणून ती कमी दिसतात, २.४ वाली मात्र रस्त्यावर पसरलेली असतात, मालकाला कल्पना नसते की त्याचं नाव कोपऱ्यापर्यंत ऐकू येतंय.

एक सेटिंग मात्र पहिल्याच दिवशी बदललं. किसमेट नेहमीच्या सेटिंगला बीकनबरोबर डेटाची पाकिटंही फाइलमध्ये टाकतो, आणि नेटवर्क उघडं असेल तर त्या पाकिटात जे काही एनक्रिप्ट नसेल ते जसंच्या तसं येतं. गूगलच्या स्ट्रीट व्ह्यू गाड्यांचं हेच झालं होतं, रस्त्याचे फोटो काढता काढता त्या वायफायची नावं गोळा करत होत्या आणि सोबत उघड्या नेटवर्कांवरचा लोकांचा डेटाही साठवत होत्या, २०१० च्या मे महिन्यात कंपनीने ते कबूल केलं, आणि २०१३ मध्ये अमेरिकेतल्या राज्यांशी ७० लाख डॉलरला तडजोड करावी लागली. एवढ्या मोठ्या कंपनीला जे निस्तरावं लागलं ते माझ्या माळ्यावरच्या लॅपटॉपात मला नको होतं, डेटा साठवणं बंद.

यादी वाचायला मात्र खरंच मजा येते. लोक नावात काय काय लिहितात! कुणाचं आडनाव आणि फ्लॅट नंबर, कुणाचा अख्खा मोबाइल नंबर, कुणी शेजाऱ्याला टोमणा मारलेला. आडनाव आणि फ्लॅट नंबर वाचून मला जरा कसंतरीच झालं, कारण त्या नावाशेजारी माझ्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांश पण येत होते. देवनागरीत नाव ठेवणारे फार थोडे, आणि त्यातली काही मध्येच तुटलेली, त्याचं कारण नंतर कळलं, वायफायच्या नावाला ३२ बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीचं एकेक अक्षर, वर प्रत्येक काना-मात्रा वेगळा, तीन-तीन बाइट खातो, म्हणजे सगळं मिळून दहाच चिन्हं बसतात. मी माझं स्वतःचं नाव देवनागरीत ठेवायला गेले तर वेलांटीवर संपलं.

काही नेटवर्क नाव लपवलेली असतात, यादीत नुसती रिकामी ओळ. लपवणाऱ्याला वाटतं आता आपण दिसत नाही. पण बीकन चालूच असतो, फक्त नावाची जागा कोरी, आणि त्या घरातला एखादा फोन जोडला गेला की जोडताना तो नाव उघड बोलतो आणि किसमेट ती कोरी जागा भरून टाकतो. वर तोटा असा की लपवलेल्या नेटवर्कसाठी फोनला स्वतःहून हाक मारत फिरावं लागतं, म्हणजे घरचं नाव बाजारात, बसमध्ये, सगळीकडे. मॅक फिल्टरचं पण तसंच (मॅक ॲड्रेस म्हणजे प्रत्येक उपकरणाचा स्वतःचा नंबर), ठरावीक उपकरणांनाच आत घेईन म्हणतात, पण कुठली उपकरणं ते नंबर हवेत उघडेच फिरत असतात, नक्कल करायला काही लागत नाही. या दोन उपायांवर लोकांचा फार विश्वास आहे आणि दोन्हीचा उपयोग जवळपास शून्य.

डब्ल्यूईपी अजून सापडेल असं मला वाटलं नव्हतं. सापडलं. ही सगळ्यात पहिली वायफायची सिक्युरिटी, तिच्यातली मोठी फट २००१ मध्येच संशोधकांनी दाखवली होती, २००७ मध्ये जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या तिघांनी ती मिनिटाभराच्या आत तोडता येते हे दाखवलं. किल्ली बदलत राहायला त्यात फक्त २४ बिटांचा आकडा आहे, म्हणजे पावणेदोन कोटीच्या आतच शक्यता, चालू नेटवर्कवर त्या फिरून फिरून येतात. आणि तरी कुलपाचं चित्र तिथे दिसतं! फोनच्या यादीत डब्ल्यूईपी आणि आजचं डब्ल्यूपीए३ दोघांपुढे तेच कुलूप, नवीन फोन आता कमकुवत सिक्युरिटी असा शेरा देतात पण तो कोण वाचतो. एखादा जुना प्रिंटर किंवा जुनं वजनयंत्र चालवायला कुणीतरी तसं ठेवलेलं असणार असा माझा अंदाज.

डब्ल्यूपीए२, म्हणजे डब्ल्यूईपीनंतर आलेली सुधारलेली सिक्युरिटी, असली की बिनधास्त, असंही नाही. फोन राउटरला जोडताना जी देवाणघेवाण होते ती पकडली की पुढचे पासवर्डचे अंदाज घरी बसून लावता येतात, राउटरला पत्ताही लागत नाही. हे मी फक्त माझ्या स्वतःच्या राउटरवर करून बघितलं. पासवर्ड मुद्दाम मोबाइल नंबरसारखा दहा आकड्यांचा ठेवला, कारण अर्धं जग तेच करतं. दहा आकडे म्हणजे जास्तीत जास्त एक हजार कोटी शक्यता, ऐकायला प्रचंड वाटतं, पण एखादं चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाखाच्या आसपास तपासतं, म्हणजे तीन तासांच्या आत सगळे संपले. आणि नंबर कुठल्या आकड्याने सुरू होतात हे माहीत असलं तर अजून कमी. नेटवर्कच्या नावातच मोबाइल नंबर लिहिणाऱ्यांचा पासवर्ड काय असेल याचा विचार मी तेव्हापासून करायचा सोडून दिलाय.

आता मुख्य गोष्ट, जी मला फिरून फिरूनच कळली. उघडी नेटवर्क बघितली तर घरातला मुख्य राउटर जवळपास कधीच उघडा नसतो. वीस वर्षांपूर्वी असायचा, तेव्हा राउटर डब्यातून निघाला की उघडाच असायचा आणि मालकाने स्वतः कुलूप लावायचं, जे कुणी करत नव्हतं. आता बहुतेक राउटर पासवर्ड छापलेल्या स्टिकरसकट येतात. उघडी असतात ती बाकीची पोरंबाळं. प्रिंटरने स्वतःचं काढलेलं नेटवर्क, जे कुणी मागितलेलं नसतं. स्मार्ट प्लग, बल्ब, कॅमेरा यांचं सेटअपचं नेटवर्क, जे सेटअप झाल्यावर बंद व्हायला हवं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे एक्स्टेंडर. आतल्या खोलीत रेंज येत नाही म्हणून कुणीतरी आणून सॉकेटला लावलेला, मुख्य राउटरचा पासवर्ड त्याने नीट घेतलेला, पण स्वतःचं जे नेटवर्क तो पुढे सोडतो त्याला पासवर्ड लावायचा राहून गेलेला. जुन्या स्वस्त एक्स्टेंडरमध्ये ही दोन वेगळी पानं असतात, पहिलं पान झालं की नेट चालू होतं आणि मग दुसऱ्या पानापर्यंत कोण जातंय. म्हणजे पुढच्या दाराला भक्कम कुलूप आणि मोरीचं दार सताड उघडं. त्या एक्स्टेंडरवरून येणारा माणूस थेट घरच्या नेटवर्कमध्ये, राउटरचं ॲडमिन पान, प्रिंटर, कॅमेरा, सगळं समोर.

असा एक एक्स्टेंडर आमच्याच बिल्डिंगमध्ये होता. नावाच्या शेवटी ईएक्सटी असं शेपूट होतं त्यावरून एक्स्टेंडर हे कळलं, आणि मॅक ॲड्रेसच्या पहिल्या अर्ध्या भागावरून कुठल्या कंपनीचा तेही कळतं. कुणाच्या घरातला हे शोधायचं काम राहिलं. सिग्नल उणे डीबीएममध्ये येतो, उणे ८५ म्हणजे लांब, उणे ४० म्हणजे जवळजवळ हातात, त्या आकड्यावर नजर ठेवून जिने चढायचे. वाटतं तितकं सरळ नसतं, लिफ्टच्या लोखंडी दारावरून सिग्नल उलटा येतो, मधेच एखाद्या मजल्यावर आकडा उगाच वाढतो. एक युक्ती उपयोगी पडली, फोन छातीशी धरायचा आणि हळूहळू गोल फिरायचं, माणसाचं शरीर म्हणजे पाणीच, ते २.४ चा सिग्नल बऱ्यापैकी अडवतं, त्यामुळे पाठ ज्या दिशेला असताना आकडा पडतो त्या दिशेला तो डबा. जिन्यात अशी गोल फिरताना कुणी भेटलं की काय सांगायचं हे मात्र कुठल्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नाही. शेवटी एका दारापाशी आकडा उणे पन्नासच्या आत आला.

आणि मग मी परत खाली आले. कारण दार वाजवून म्हणायचं काय? तुमचं वायफाय उघडं आहे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, तुला कसं कळलं. स्कॅन करणं हे यातलं सोपं काम आहे, सगळे व्हिडिओ, सगळे लेख तेवढ्यावरच असतात, हा भाग कुणी सांगत नाही. चिठ्ठी टाकावी असा विचार केला, पण निनावी चिठ्ठी, त्यातही तुमच्या वायफायबद्दल, वाचून माणूस घाबरेल. शेवटी फोन दाखवायचा ठरवला, लॅपटॉप-ॲडॉप्टर-अँटेना सगळं घरी ठेवून. कारण फोनवरची यादी सगळ्यांच्या ओळखीची असते, तीच यादी त्यांच्या स्वतःच्या फोनवर पण दिसते.

दार काकांनी उघडलं. मी म्हटलं, "काका, हे नेटवर्क तुमचं आहे का? याला पासवर्ड नाहीये, म्हणून विचारायला आले." काका म्हणाले, "आमचं नाही गं, आमच्याला पासवर्ड आहे, हा बघ इथे लिहून ठेवलाय." भिंतीवरच्या कॅलेंडरवर खरंच लिहून ठेवला होता. मग त्यांच्या फोनवर यादी उघडली तर हे नेटवर्क सगळ्यात वर, त्यांच्या स्वतःच्या नावाच्याही वर. मुलाने सुट्टीत येऊन आतल्या खोलीत काहीतरी बसवलं होतं असं काकूंना आठवलं. कपाटामागे, हिरवा दिवा लागलेला.

काकांचं म्हणणं होतं, "राहू दे की मग उघडं, अनलिमिटेड आहे, कुणाला अडीअडचणीला लागलं तर वापरेल, माझं काय जातंय?" मी त्यांना खोडून काढणार नव्हते, कारण हा मुद्दा वेडा नाही. ब्रूस श्नायरसारख्या सिक्युरिटीतल्या मोठ्या माणसाने २००८ मध्ये लिहिलं होतं की मी घरचं वायफाय मुद्दाम उघडं ठेवतो, पाहुण्याला गरम चहा विचारतो तसंच हे. मला ती वृत्ती आवडते सुद्धा. पण त्यांनी ते कळून-सवरून ठेवलं होतं, आपली कॉम्प्युटरं मजबूत करून. काकांकडे काय होतं ते मी काकांच्याच फोनवर, त्यांच्याच हाताने, दाखवलं. एक्स्टेंडरला जोडा, पासवर्ड विचारला? नाही. आता ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका. पान उघडलं. युजरनेम ॲडमिन, पासवर्ड ॲडमिन. आत. "इथून मी तुमचा पासवर्ड बदलू शकते काका, तुम्हालाच बाहेर ठेवू शकते." काका जरा गप्प झाले, पण निर्णय काकूंनी दिला, "आणि आपल्या नेटवरून कुणी भलतंसलतं पाठवलं तर पोलीस कुणाच्या दारात येतील? बंद कर गं ते." उदारपणा करायचाच असेल तर राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क असतं, पाहुणे नेट वापरतात पण घरच्या प्रिंटर-कॅमेऱ्यापर्यंत पोचत नाहीत, ते काकांना पटलं.

एक्स्टेंडरला पासवर्ड लावायला बसलो तर त्याचं सॉफ्टवेअर जुनाट, कंपनीने अपडेट द्यायचं कधीच बंद केलेलं. २०१७ मध्ये डब्ल्यूपीए२ मधली क्रॅक नावाची फट बाहेर आली तेव्हा उपकरणांना अपडेट लागले होते, आणि त्यात एक्स्टेंडरसारखी दुसऱ्या राउटरला जोडणारी खोकी मुख्य होती, याला तो मिळालेलाच नव्हता. मग मुळात हा लागतो कशाला हे बघितलं. राउटर होता लोखंडी कपाटाच्या आत, खालच्या खणात, वायर दिसू नये म्हणून. तो बाहेर काढून दिवाणखान्यात उंचावर ठेवला आणि आतल्या खोलीत रेंज आली, एक्स्टेंडरची गरजच संपली, प्लग काढला. मला वाटतं निम्मे एक्स्टेंडर असेच कपाटातल्या राउटरचे बळी असतील, पण हा माझा आपला अंदाज.

हात लागलाच होता म्हणून राउटरचं पण केलं. ॲडमिनचा पासवर्ड बदलला. बाहेरून ॲडमिन पान उघडायची सोय बंद. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटण दाबून किंवा पिन देऊन जोडायची सोय, ती बंद, कारण तिचा आठ आकडी पिन राउटर दोन तुकड्यांत तपासतो, आधी चार आणि मग तीन, शेवटचा आकडा नुसती पडताळणी, म्हणजे दहा कोटीऐवजी जास्तीत जास्त ११ हजार प्रयत्न, २०११ च्या शेवटी हे उघड झालं तरी ते बटण राउटरांवर आहेच. सिक्युरिटी मिक्स्ड, म्हणजे जुनी-नवी दोन्ही चालणारी, होती ती फक्त डब्ल्यूपीए२ एईएस केली. डब्ल्यूपीए३ चालू करून बघितलं तर काकांचा प्रिंटर जोडायलाच तयार होईना, परत मागे आलो. वायफायचा पासवर्ड आठ ते त्रेसष्ट अक्षरांचा चालतो पण देवनागरीत नाही, तेव्हा काकूंनी एक चांगलं लांबलचक मराठी वाक्य सांगितलं ते रोमन अक्षरांत टाकलं. कॅलेंडरवर लिहू नका म्हटलं तर काका म्हणाले कॅलेंडर बघायला घरातच यावं लागतं ना, आणि त्यात त्यांचं बरोबर होतं, मी काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्कॅन केलं तर ईएक्सटीवालं गेलं होतं आणि त्याच जागी एक नवीनच उघडं नेटवर्क, कधी न बघितलेलं, नावात नुसते आकडे-अक्षरं. हे डोक्यात येईपर्यंत अर्धा तास गेला. काकांकडे गिझरला एक स्मार्ट प्लग होता, वायफायचा पासवर्ड बदलल्यावर त्याला जुनं नेटवर्क सापडेना, तेव्हा तो मुकाट्याने सेटअप मोडमध्ये गेला आणि स्वतःचं उघडं नेटवर्क काढून बसला, की कुणीतरी या आणि मला जोडा. सगळीच उपकरणं असं करतात असं नाही पण करणारी बरीच आहेत. म्हणजे सिक्युरिटी वाढवायला पासवर्ड बदलला आणि त्यातूनच एक नवीन उघडं दार तयार झालं! कुणी शहाणा त्याला जोडून गिझर चालू-बंद करू शकला असता. परत वर गेले, प्लग ॲपमधून काढून पुन्हा टाकला, तो फक्त २.४ वरच चालतो आणि राउटरचं नाव दोन्ही बँडला एकच, म्हणून फोन ५ वर जायचा आणि जोडणी फसायची, थोडा वेळ ५ बंद ठेवलं तेव्हा कुठे झालं. त्यानंतर पासवर्ड बदलला की दुसऱ्या दिवशी घराबाहेर उभं राहून यादी बघायची, हे मी माझ्या घरीही करते.

गोळा झालेली यादी विगल नावाच्या साइटवर टाकायची का हा प्रश्न बरेच दिवस होता. २००१ पासून जगभरातले लोक तिथे आपलं स्कॅन टाकतात, अब्जावर नेटवर्क जमलीत, नकाशा बघायला सुंदर दिसतो आणि वर क्रमांक लागतो, त्याची पण एक नशा असते. पण आडनाव आणि फ्लॅट नंबरवाली ती नावं आठवली आणि नाही टाकलं. कुणीतरी दुसऱ्याने कधीच टाकलं असेल, ते वेगळं. माझ्या स्वतःच्या नेटवर्कच्या नावाला शेवटी अंडरस्कोर नोमॅप जोडलंय, गूगल ते बघून आपल्या लोकेशनच्या यादीत घेत नाही.

बिल्डिंगमध्ये अजून एक राहिलंय. चॅनेल ६ वर, उघडं, एक्स्टेंडरच दिसतंय, पण समोरच्या विंगमधून येतं आणि तिथल्या जिन्यात मी गोल फिरू शकत नाही. नोटीस बोर्डवर लिहावं तर नाव लिहिलं की सगळ्यांना आमंत्रण, नाव नाही लिहिलं तर ज्याचं आहे त्याला ते आपलं वाटणार नाही. शेवटी नाव न घेता, जुना एक्स्टेंडर वापरत असाल तर एकदा तपासून घ्या, मदत लागली तर फोन करा, अशी चिठ्ठी लावली. फोन आले, तिघांकडे जाऊन आले, एकाचा खरंच उघडा निघाला पण तो वेगळाच होता, माझ्या यादीत बाहेरून कधी पकडलाच गेला नव्हता. चॅनेल ६ वालं अजून तसंच आहे. काकांचं त्या विंगमध्ये बुद्धिबळ असतं, ते म्हणाले मी विचारतो एकेकाला.